बेळगाव ते लंडन: विमानाचे अंतर, प्रवासाचा वेळ आणि मधले सांधे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलगा किंवा मुलगी शिकायला निघाली, की निपाणीपासून खानापूरपर्यंत प्रश्न जवळपास सारखेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. वेळापत्रके हंगामागणिक बदलतात, म्हणून अमुक विमान अमुक वाजता असे दिलेले नाही. अंतरे आणि हिशोबाची रीत मात्र बदलत नाही.

१. बेळगाव ते लंडन विमानाचे अंतर नक्की किती?

बेळगावचे सांबरा विमानतळ ते लंडनचे हीथ्रो हे सरळ हवाई अंतर सुमारे ७६०० किलोमीटर आहे. मैलात ते ४७२५ च्या आसपास आणि सागरी मैलात ४१०० च्या आसपास येते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक सागरी मैल वापरतात, विमान कंपन्यांचे मैल-पॉइंट बहुधा साध्या मैलात असतात आणि आपण किलोमीटरमध्ये बोलतो. वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे दिसण्याचे निम्मे कारण हेच.

२. एका ठिकाणी ७६०० आणि दुसऱ्या ठिकाणी ७६३० दाखवते. खरे कोणते?

दोन्ही चालतील. कुणी शहराच्या मध्यापासून मोजते, कुणी विमानतळापासून. सांबरा विमानतळ बेळगाव शहरापासून दहा-अकरा किलोमीटर पूर्वेला आहे आणि हीथ्रो लंडनच्या मध्यापासून वीसेक किलोमीटर पश्चिमेला. शिवाय कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरते, तर कुणी ध्रुवांजवळ किंचित चपटी. एवढ्या लांबच्या प्रवासात वीस-तीस किलोमीटर म्हणजे फार तर दोन मिनिटे.

३. म्हणजे नऊ तासांत पोहोचतो?

नाही. ‘बेळगाव–लंडन ९ तास’ असा जो वेळ ऑनलाइन दिसतो, तो ७६०० ला ताशी ९०० ने भागून वर अर्धा तास चढवलेला असतो. अस्तित्वातच नसलेल्या विमानाचा तो वेळ आहे. सांबऱ्याहून लंडनला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावेच लागते. घराच्या दारापासून लंडनमधल्या खोलीपर्यंत जमून आले तर वीस-बावीस तास, नाही जमले तर तीसही. हा फरक आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त पडतो (प्रश्न ६ आणि ७ पाहा).

४. मुंबई, बंगळूर, दिल्ली, हैदराबाद: कुठून गेले तर अंतर कमी?

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. सांबरा–मुंबई सरळ अंतर सुमारे ४०५ किलोमीटर आणि मुंबई–हीथ्रो सुमारे ७२१०. बेरीज ७६१५ च्या आसपास, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम १५ किलोमीटर जास्त. मुंबई आपल्या वाटेवरच आहे.

बंगळूरला जायचे तर आधी ४४५ किलोमीटर आग्नेयेला, म्हणजे लंडनकडे पाठ करून जायचे आणि तिथून सुमारे ८०५० किलोमीटर परत वायव्येला. एकूण ८४९५. जवळजवळ ९०० किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाचा तासभर. दिल्लीमार्गे (१४३५ + ६७३०) आणि हैदराबादमार्गे (४३५ + ७७५५) बेरीज ८१६५ ते ८१९० येते, म्हणजे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर जास्त.

म्हणून मुंबईच घ्यावी का? अंतरावर ठरवायचे असेल तर हो. पण अंतर हा या प्रवासातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. बंगळूरमार्गे तास जास्त उडून चार तास लवकर पोहोचणेही शक्य असते, कारण सगळे सांध्यावर ठरते. ‘सांधा’ म्हणजे एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसेपर्यंतची जागा आणि वेळ.

५. आखातातून (दुबई, अबू धाबी, दोहा) गेले तर फार वळसा पडतो का?

वाटतो तेवढा नाही. मुंबई–दुबई सुमारे १९३० आणि दुबई–हीथ्रो सुमारे ५४८० किलोमीटर. बेरीज ७४१०, म्हणजे थेट मुंबई–लंडनपेक्षा दोनशे किलोमीटर जास्त. उडण्याचे तास जवळपास तेवढेच. वाढतो तो मधला थांबा आणि एक जादा उतरणे-चढणे.

गोव्याहून आखाताकडे जाणारी विमाने असतात, म्हणून खानापूर-बेळगावच्या लोकांना हा मार्ग सोयीचा पडतो. धोका एकच: त्या भागात तणाव वाढला की आकाश अचानक बंद होते. २३ जून २०२५ ला कतारने आपले आकाश काही तास बंद केले आणि कुठली कुठली विमाने भलतीकडे उतरली. अशा वेळी सगळा प्रवास एकाच तिकिटावर असलेला माणूस वाचतो (प्रश्न ८).

६. दारापासून दारापर्यंतचा वेळ कसा मोजायचा?

कागद घ्या आणि उलटे मोजा: लंडनच्या विमानाच्या वेळेपासून घराकडे. उदाहरणादाखल दोन मार्ग.

*सांबरा–बंगळूर–लंडन, एकच तिकीट.* बेळगावातल्या टिळकवाडीहून सांबरा अर्धा-पाऊण तास. विमानाआधी दीड तास. उड्डाण सव्वा तास. बंगळूरमध्ये चार तास. लंडनचे विमान साडेदहा ते अकरा तास. उतरून इमिग्रेशन, सामान, बाहेर पडणे दीड तास. एकूण साधारण वीस तास.

*खासगी स्लीपर बसने मुंबई, मग थेट विमान.* बस दहा ते बारा तास. विमानतळावर किमान चार तास. विमान साडेनऊ ते दहा तास. उतरून दीड तास. एकूण पंचवीस ते साडेसत्तावीस. आणि बस पहाटे सायनला पोहोचली व विमान दुपारी असले, तर मधले सहा-सात तास वेगळे.

दोन्हींत लंडनमधली शेवटची वाट धरलेली नाही. हीथ्रोहून शहराच्या मध्यात एलिझाबेथ लाइनने पाऊण तासाच्या आत आणि पिकॅडिली लाइनने साधारण तासाभरात पोहोचता येते. पुढे लेस्टर किंवा मँचेस्टरला जायचे असेल तर तो वेगळा हिशोब.

७. मधे किती वेळ ठेवू? साइट दीड तासाचे कनेक्शन देते.

एकाच तिकिटावर कंपनीनेच दिलेले कनेक्शन असेल, तर दीड तास नियमात बसत असेल. तरीही आमचे मत: जाताना तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका. कारण देशांतर्गत विमानातून उतरल्यावर इमिग्रेशन आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा तपासणी या दोन्ही रांगा बाकी असतात. सांबऱ्याला इमिग्रेशन नाही. पासपोर्टवर शिक्का मुंबई, बंगळूर, दिल्ली असा जिथून देश सोडाल तिथे बसतो.

तिकिटे वेगवेगळी असतील तर सहा तास ठेवा. बॅग घ्यायची, टर्मिनल बदलायचे, पुन्हा काउंटरवर रांग लावायची. लंडनचे काउंटर बहुतेक कंपन्या विमानाआधी ६० ते ७५ मिनिटे बंद करतात. म्हणजे ‘दुपारी २ चे विमान’ ही खरी वेळ नसून पाऊण ते एक ही खरी वेळ.

टर्मिनलांचे बघा. मुंबईत आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल २ वरून जातात, पण देशांतर्गत विमान टर्मिनल १ लाही उतरू शकते. दोन्हींमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर आणि मुंबईची वाहतूक. बंगळूरची आंतरराष्ट्रीय विमाने सप्टेंबर २०२३ पासून टर्मिनल २ ला आहेत. दोन्ही टर्मिनल जवळ आहेत आणि शटल मिळते, त्यामुळे तिथे त्रास कमी. दिल्लीत टर्मिनल १ ते ३ हे अंतर चालत जाण्याजोगे नाही. हैदराबादला एकच इमारत आहे, आणि नवख्या प्रवाशाला ही मोठीच सोय.

८. ‘एकच तिकीट’ म्हणजे नेमके काय? एजंटने दोन्ही एकत्रच काढली आहेत.

एजंट एक, पैसे एकदाच, कागद एक. तरीही तिकिटे दोन असू शकतात. कागदावर पीएनआर नावाचा सहा अक्षरांचा क्रमांक शोधा आणि तो कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून पाहा. सांबऱ्यापासून हीथ्रोपर्यंतचा सगळा प्रवास एका क्रमांकाखाली दिसला तर एकच तिकीट. सांबरा–मुंबईचा क्रमांक वेगळा आणि पुढचा वेगळा असेल, तर दोन.

फरक संकटात कळतो. एकच तिकीट असेल आणि पहिले विमान उशिरा आले, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन तिकिटे असतील तर लंडनच्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. शिवाय पहिला टप्पा चुकवला की त्याच तिकिटावरचे परतीचे टप्पेही बहुधा आपोआप रद्द होतात. ‘बसने मुंबई गाठतो, पुढे बसतो’ असे परस्पर ठरवू नका. आधी कंपनीला कळवा.

९. सांबऱ्याचे विमान पावसाने रद्द झाले तर?

जून ते सप्टेंबर ही शक्यता धरूनच चाला. ढग खाली आले, दिसेना झाले की लहान विमान घिरट्या घालून परत जाते किंवा दुसरीकडे उतरते. तिकीट एकच असेल तर काउंटरवर जाऊन नवा मार्ग मागा आणि तो लेखी घ्या.

तिकिटे वेगळी असतील तर पावसाळ्यात एक दिवस आधीच निघा. रस्त्याचा पर्याय: पुणे सुमारे ३४० किलोमीटर, मुंबई आणि बंगळूर दोन्ही पाचशेच्या आसपास. बंगळूरला वंदे भारतही आहे (ऑगस्ट २०२५ पासून), पहाटे निघून साधारण साडेआठ तासांत पोहोचते. पण बंगळूर स्टेशन ते देवनहळ्ळी विमानतळ आणखी ३५ किलोमीटर आहे. त्या रस्त्याला दोन तास धरा, संध्याकाळी तर जास्तच.

१०. आम्ही निपाणीचे (किंवा अथणी, खानापूर). सांबराच गाठायचे का?

निपाणीहून कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ सांबऱ्यापेक्षा जवळ आहे. दोन्हीकडची मुंबई-बंगळूरची विमाने ताडून पाहा. अथणीकरांना मिरजेहून रेल्वेने पुणे-मुंबई हा मार्ग बरा पडतो. खानापूरकरांना गोवा जवळ: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करून खाली गोव्यातले साखळी गाव. अंतर शंभराच्या आसपास वाटते, पण घाटात धुके किंवा दरड असली की दोन-अडीच तासांचे चार होतात. पावसाळ्यात रात्रीच्या विमानासाठी दिवसाउजेडी घाट उतरावा. निपाणी-संकेश्वरकरांना गोव्यासाठी आजरा–आंबोलीचा रस्ता.

गोव्यात विमानतळ दोन आहेत. दाभोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. शेवटचे अक्षर वाचल्याशिवाय गाडी ठरवू नका. दोन्हींमध्ये जवळपास अर्धा गोवा आडवा येतो.

११. बुकिंगच्या साइटवर ‘बेळगाव’ सापडत नाही.

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. काही साइटवर जुने इंग्रजी स्पेलिंग चालते, काहींवर नवे. सरळ आयएक्सजी हा कोड टाका. लंडनसाठी हीथ्रोचा एलएचआर आणि गॅटविकचा एलजीडब्ल्यू. नुसते ‘लंडन’ टाकले तर स्टॅनस्टेड, लूटनही यादीत येतात.

१२. घड्याळाचा फरक साडेचार तासांचा की साडेपाच?

दोन्ही, ऋतूप्रमाणे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा. बाकी हिवाळाभर साडेपाच.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. मुंबईहून दुपारी २:०० ला निघून लंडनला संध्याकाळी ६:४० ला पोहोचणे म्हणजे ४ तास ४० मिनिटांचा प्रवास नव्हे. उन्हाळ्यात ४:४० मध्ये ४:३० मिळवा: ९ तास १० मिनिटे. परतताना उलटे. हिवाळ्यात लंडनहून रात्री ९:०० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११:१५ ला पोहोचलात, तर सव्वाचौदा तासांतून साडेपाच वजा करा: पावणेनऊ तास. घ्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना ‘दुसऱ्या दिवशी’ हे आवर्जून सांगा. गाडीवाला एक दिवस आधी जाऊन उभा राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

१३. जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असे का? रस्ता तर तोच.

वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान पट्टा वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो उत्तर भारत आणि इराणवर जोर धरतो आणि गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढेही जातो. लंडनला जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.

मुंबई–लंडनचे ७२०० किलोमीटर घ्या. विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. सगळ्या वाटेवर सरासरी ६० चा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ८४०, म्हणजे ८ तास ३४ मिनिटे. तोच पाठीमागून असेल तर ९६०, म्हणजे साडेसात तास. तासाभराचा फरक इथेच पडला. यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि हीथ्रोवर उतरण्याच्या रांगेतल्या घिरट्या मिळवा, की वेळापत्रकातले आकडे येतात: जाताना नऊ ते दहा तास, येताना साडेआठ ते नऊ. वळसा पडला तर आणखी (प्रश्न १४).

१४. समोरच्या पडद्यावर विमान सरळ न जाता वाकडे जाताना दिसते. का?

दोन वेगळी कारणे आहेत.

पहिले, नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. शाळेतल्या पृथ्वीगोलावर बेळगाव आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो बेळगावहून जवळजवळ नेमका वायव्येला निघतो, कराचीच्या किनाऱ्याजवळून इराणचा मध्य, काळ्या समुद्राचा पूर्व भाग, युक्रेनमधल्या ओडेसाजवळून स्लोव्हाकिया-पोलंडची सीमा आणि जर्मनी असा जातो. सपाट नकाशावर हीच रेषा उत्तरेला फुगलेली दिसते. ती वाकडी दिसते, पण सर्वांत जवळची आहे.

दुसरे, या दोऱ्यावरून आज विमान जाऊ शकत नाही. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवत नेली. म्हणून भारतीय विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने वर चढते आणि पुढे तुर्कस्तान, रुमानियाकडून जाते. परदेशी कंपन्यांना पाकिस्तानची ती बंदी लागू नाही, त्यामुळे एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळेत फरक दिसू शकतो. हा फटका दिल्लीच्या विमानांना सर्वांत जास्त बसतो. मुंबईला समुद्र उशाशीच असल्याने कमी.

१५. विमान चार तास उशिरा पोहोचले. भरपाई मिळते का, आणि अंतराचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. ब्रिटनच्या नियमात भरपाई अंतरावर ठरते. ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात शेवटच्या ठिकाणी चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ५२० पौंड, तीन ते चार तासांसाठी २६० पौंड. आपला प्रवास अर्थातच या वरच्या गटात.

पण अपवाद वाचा. लंडनहून निघणाऱ्या विमानाला हा नियम कोणत्याही कंपनीसाठी लागू. भारतातून लंडनला जाताना मात्र कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असेल तरच. म्हणजे भारतीय कंपनीच्या त्याच तिकिटावर येताना हक्क आहे आणि जाताना नाही. हवामान किंवा आकाश बंद होणे कंपनीच्या हाताबाहेरचे मानले जाते, तिथे रोख भरपाई नाही. जेवण आणि मुक्काम मात्र मागा. बोर्डिंग पास फेकू नका.

१६. सामान सांबऱ्यालाच दिले की थेट लंडनला मिळते का?

एकच तिकीट असेल तर बहुधा हो. काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवरची तीन अक्षरे वाचा. एलएचआर असेल तर लंडनला, बीएलआर असेल तर बंगळूरला उतरवून घ्यायची आहे. येताना नियम वेगळा: पहिल्या भारतीय विमानतळावर बॅग घ्या, कस्टम पार करा, पुन्हा द्या. म्हणून परतीलाही तीन तासांचा सांधा हवा.

वजनाची भानगडही तिकिटाशी जोडलेली आहे. देशांतर्गत सुट्या तिकिटावर साधारण १५ किलो, लंडनच्या तिकिटावर २३ किलोची एक किंवा दोन बॅगा. तिकिटे वेगळी काढली की २३ किलोची बॅग सांबऱ्याच्या काट्यावर आठ किलो जास्त भरते आणि तिथेच पैसे मोजावे लागतात.

१७. कुंदा नेता येतो का?

लंडनला नाही. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये खासगी सामानातून नेता येत नाहीत आणि कुंदा, पेढा, बर्फी हे दूध आटवूनच केलेले. सापडला तर काढून घेतात. बटाटेही नाहीत. मसाला, पापड, शेंगदाण्याची चटणी चालते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानातच चालत नाहीत. त्यातल्या तेलामुळे खोबरे आपोआप तापते, म्हणून ते धोक्याच्या मालात धरतात. ऐन काउंटरवर बॅग उघडून वाट्या शोधण्यात जो अर्धा तास जातो, तो प्रश्न ७ मधल्या हिशोबातूनच जातो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-अवर भरते.

१८. सांबऱ्याहून थेट लंडन का नाही? धावपट्टी वाढली की होईल?

धावपट्टी २३०० मीटर आहे. लहान आणि मध्यम विमानांना पुरते, पण लंडनपर्यंतचे इंधन भरलेल्या मोठ्या विमानाला नाही. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे. समजा उद्या धावपट्टी वाढली, तरी इमिग्रेशन आणि कस्टम लागते. तेही आले, तरी रोज अडीचशे-तीनशे माणसे बेळगावहून लंडनला जाणारी हवीत. जवळच्या काळात खरा फायदा होईल तो मुंबईला सोयीच्या वेळेची जादा विमाने मिळाली तर.

१९. प्रवासाच्या दिवशी संकष्टी आहे. उपवास कधी सोडायचा?

चंद्रोदय त्या त्या गावचा. बेळगावची वेळ लंडनला लागू नाही आणि नुसते साडेचार तास वजा करूनही जमत नाही, कारण अक्षांश बदलला की चंद्र उगवण्याची वेळही बदलते. लंडनचे स्थान टाकून पंचांग पाहा. विमानात असाल तर जेवणाची ट्रॉली चंद्राची वाट पाहत नाही. शाकाहारी जेवण निदान २४ तास आधी नोंदवा आणि सोबत राजगिऱ्याचे लाडू ठेवा.